फ्लॅप दिसला नाही, म्हणून ‘बी’ लिहिले

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी एका सीटी अँजिओवर (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनवर) आरोही महाधमनी, म्हणजे हृदयातून वर जाणारा तिचा पहिला भाग, थोडी रुंद, पण आतून स्वच्छ दिसली. रुग्णाला महाधमनीचे डिसेक्शन होते, म्हणजे तिच्या भिंतीचा आतला थर सुटला होता. सुटलेल्या थराचा पडदा, म्हणजे फ्लॅप, आरोही भागापुढच्या वळणावर, कमानीत, सुरू होत होता, म्हणून मी ‘स्टॅनफर्ड बी’, म्हणजे आरोही भाग शाबूत असलेला प्रकार, असे लिहून मोकळा झालो. आरोही भागही सुटलेल्या ए प्रकाराला तातडीची शस्त्रक्रिया लागते आणि पहिल्या काही तासांत मृत्यूचा धोका दर तासाला साधारण 1 ते 2 टक्क्यांनी वाढतो, हे मला तोंडपाठ होते.

चूक कुठे झाली ते सविस्तर सांगतो. आतला थर एका बाजूने न फाटता संपूर्ण परिघावर सुटला, तर सदऱ्याची बाही उलटावी तसा तो रक्ताच्या प्रवाहाबरोबर कमानीत ओढला जातो. मागे आरोही भागात फक्त बाहेरची भिंत उरते. एरवी फ्लॅपमुळे दिसणाऱ्या दोन पोकळ्या नाहीत, मधला पडदा नाही, आणि आपण त्या रिकामेपणाला निरोगी समजतो. फ्लॅप नसणे हीच तिथे सर्वांत गंभीर खूण असते. कमानीत गोळा झालेला, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी मोज्यासारखा फ्लॅप दिसला, तर तो कुठून आला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आडव्या छेदांवर न थांबता उभ्या छेदांत महाधमनीच्या झडपेपर्यंत मागे या.

माझ्या रुग्णाच्या छातीत पुढच्या बाजूला वेदना होती, महाधमनीच्या झडपेतून रक्त उलट गळत होते आणि हृदयावरणात थोडे पाणी होते. यांतले काहीही ‘बी’शी जुळत नव्हते. वरिष्ठांनी अन्ननलिकेतून इको केला, तेव्हा झडपेजवळ सुटलेल्या थराची फाटकी कड दिसली आणि शस्त्रक्रियेत तेच सिद्ध झाले. (श्वासनलिका आड येत असल्यामुळे आरोही भागाचा वरचा टप्पा या इकोलाही नीट दिसत नाही, हे ध्यानात असू द्या.) साचेबद्ध रिपोर्टच्या रिकाम्या जागा भरायला शिकवणाऱ्यांपेक्षा रुग्णाला स्टेथोस्कोप लावायला पाठवणारे गुरू मला अधिक मोलाचे वाटतात.

या प्रसंगानंतर धास्तावून मी उलट चूकही केली. ईसीजीशी न जुळवलेल्या, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची वेळ न साधता काढलेल्या, सीटीत स्पंदनामुळे महाधमनीच्या मुळाशी उमटलेल्या दुहेरी कडेला मी ‘ए’ म्हटले. ईसीजीशी जुळवून तपासणी पुन्हा केली, तेव्हा ती रेघ नाहीशी झाली. रात्री दोन वाजता उठवल्याबद्दल शल्यविशारद मला एक शब्दही बोलले नाहीत; तेव्हा शंका आली की फोन करायला कचरू नका.