बसवलेली रॅम आणि वापरात येणारी रॅम: तपासणी व चाचणी

संगणक मंद झाला की रॅम वाढवण्याचा सल्ला लगेच मिळतो. पण आहे ती रॅम तरी पूर्ण वापरात येते का, हे आधी पाहावे. विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्जच्या सिस्टिम विभागात ‘अबाउट’ उघडल्यावर ‘८.०० जीबी (५.८८ जीबी युजेबल)’ अशा धर्तीची नोंद दिसते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व ‘परफॉर्मन्स’मधील ‘मेमरी’वर क्लिक करावे. तेथे किती स्लॉट (रॅमच्या पट्ट्या बसवण्याच्या जागा) भरलेले आहेत आणि ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ म्हणजे राखीव रॅम किती, हे कळते.

वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर प्रोसेसरमधील ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच आपला वाटा घेते. त्यामुळे ८ जीबीपैकी २ जीबी राखीव दिसली तरी तो बिघाड नव्हे. काही संगणकांत बायोसमधून (संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमधून) हा वाटा कमीही करता येतो. ४ जीबी असून सव्वातीनच्या आसपासच वापरात येत असेल, तर बहुधा विंडोज ३२-बिट असते. तिचे पत्ते, म्हणजे मेमरीतील जागांचे क्रमांक, ४ जीबीपर्यंतच पोहोचतात आणि त्यांतलेही काही ग्राफिक्स कार्डासारख्या उपकरणांकडे जातात, म्हणून अशा संगणकात रॅम वाढवणे हे पैसे पाण्यात घालणे आहे. ६४-बिट विंडोज ७ मध्येही मर्यादा आवृत्तीनुसार बदलते: होम बेसिकला ८ जीबी, होम प्रीमियमला १६ जीबी.

एक कारण मात्र माणसानेच ओढवून घेतलेले असते. वेग वाढवण्याच्या युक्त्या वाचून ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स येथील ‘मॅक्सिमम मेमरी’वर खूण केली जाते. त्याने वेग वाढत नाही, उलट रॅमवर मर्यादा येते. ती खूण काढून संगणक पुन्हा सुरू करावा.

एवढे करूनही एखादी पट्टी दिसतच नसेल, तर संगणक बंद करून वायर काढावी, लॅपटॉप असल्यास बॅटरीही सोडवावी आणि अंगावरील स्थिर वीज उतरण्यासाठी उघड्या धातूला हात लावावा. पट्टीच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने हलकेच पुसून रबराचे कण झटकावेत, मग खाच जुळवून पट्टी क्लिप ‘टक’ असा आवाज करेपर्यंत दाबावी. अर्धवट बसलेली पट्टी हे दुरुस्तीच्या टेबलावर नेहमी आढळणारे दुखणे आहे.

रॅम पूर्ण दिसते म्हणजे ती निर्दोष आहे, असे नाही. ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ प्राथमिक चाचणीला पुरते; पण विंडोज अचानक बंद पडून निळा पडदा वारंवार येत असेल, तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवावा. किमान चार फेऱ्या होऊ द्याव्यात. रॅम जास्त असेल तर रात्रभर लागू शकते. एकही चूक क्षम्य मानू नये. मात्र चूक दिसताच पट्टी बाद करण्याची घाई नको: बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणारी सोय) चालू असेल तर ते बंद करून मूळ वेगावर चाचणी पुन्हा घ्यावी. तरीही चूक राहिल्यास एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून पाहावी. चूक पट्टीबरोबर फिरली तर दोष पट्टीचा. कोणतीही पट्टी लावली तरी त्याच स्लॉटमध्ये चूक येत असेल, तर नवी रॅम आणण्यापूर्वी मदरबोर्ड दाखवावा.