शर्यतीनंतरचे दोन महिने: सिंहगड, बॅडमिंटन आणि मुद्गल

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोव्याची 70.3, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशी सलग अर्ध्या आयर्नमॅनची शर्यत, उरकली की नवख्यांचे दोन तट पडतात. काही जण दुसऱ्याच आठवड्यात घड्याळ लावून पळायला लागतात, तर काही संक्रांतीपर्यंत बूट शोधत नाहीत. त्यापेक्षा 10-12 दिवस पूर्ण सुट्टी घ्यावी आणि पुढचे पाच-सहा आठवडे चक्क खेळावं.

1.9 किमी पोहणं, 90 किमी सायकल, 21.1 किमी धावणं, या तिन्हींत शरीर सरळ पुढेच जातं. आडवं सरकणं, गपकन थांबणं, वळणं, उतरणं यातलं जवळजवळ काहीच नाही. म्हणून खुब्याच्या बाजूचे स्नायू कच्चे राहतात आणि थकल्यावर पळताना गुडघा आत कलतो. खेळ निवडायचा तो ही उणीव भरून काढणारा. गोम अशी, की तुमचा दम तयार असतो, पोटरी आणि घोटा नसतात. धाप लागत नाही म्हणून माणूस थांबत नाही, आणि नेमका तिथेच फसतो.

पुणेकरांना सिंहगड हाताशी आहे. आतकरवाडीच्या वाटेने साधारण 600 मीटर चढाई होते. चढ तुम्हाला जड जाणार नाही. जपायचं ते उतरताना. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळा येतात. पहिल्या खेपेला चालतच उतरा. गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी, पाऊल शरीराच्या खाली पडेल असं. मागे रेलून टाच रोवलीत की घसाऱ्यावर बूड टेकलंच म्हणून समजा. रस्त्यावर पळायचे गुळगुळीत सोलचे बूट इथे कामाचे नाहीत, खोल नक्षीचे घाला. पुढची खेप आठवड्याने. तेव्हा निम्मंही दुखत नाही. आणि वर पिठलं-भाकरी रेटल्यावर अर्धा तास बसा हो, गड कुठे पळून जात नाही.

बॅडमिंटन सगळ्यांत मजेचं आणि सगळ्यांत दगाबाज. बहुतेक जण पळायच्याच बुटांवर कोर्टात उतरतात. त्या बुटांची टाच उंच आणि फोम मऊ. आडवी झेप घेतली की पाय बुटातून बाहेर कलंडतो आणि घोटा मुरगळतो. सपाट, गम सोलचे कोर्टचे बूट वेगळे घ्या. दुसरा धोका पोटरीचा. मागून कुणी रॅकेट हाणली असं वाटून वळून बघावं आणि मागे कुणीच नसावं, म्हणजे स्नायू फाटला. तेव्हा खेळ तिथेच थांबवायचा, चोळायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. हे टाळायचं तर आधीचे दोन आठवडे पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा उचला: 15 चे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन वाकवून. सुरुवात डबल्सने, आठवड्यातून दोनदा, 40 मिनिटं. 'एक शेवटचा गेम' खेळायचा नाही.

खांद्यांसाठी तालमीतला मुद्गल, म्हणजे खांद्याभोवती फिरवायचा जड लाकडी सोटा. दोन-तीन किलोचा पुरे. मोठा उचलून कुणी बक्षीस देत नाही. उजव्या हातात छातीसमोर उभा धरा, डाव्या खांद्यावरून पाठीमागे सोडा, तो पाठीशी लोंबू द्या आणि उजव्या खांद्यावरून पुढे आणा. कोपर आकाशाकडे. मनगटाने ओढलात तर मनगटच दुखेल. वजनाला झुलू द्या. कंबर मागे वाकत असेल तर वजन जास्त आहे, किंवा पोट सैल. दोन्ही हातांनी 10-10, तीन फेरे. सायकलच्या बारवर आवळलेली छाती यानेच मोकळी होते.

पोहणं मात्र आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा, हाताला बसलेली पाण्याची पकड फार लवकर जाते. मनगटावरचं स्पोर्ट्स घड्याळ तुमच्या सरावाला 'अनप्रॉडक्टिव्ह' (वाया चाललेला) म्हणत राहील. त्याला बॅडमिंटन कळत नाही. कबड्डी आणि फुटबॉलचा मोह होईल, पण पुढच्या शर्यतीचे पैसे भरून झाले असतील तर शिट्टी तेवढी वाजवा.