रेटिनॉइड क्रीम लावताय? आधी ते पेशीत काय करतं ते बघा

मावसबहिणीने मार्चमध्ये पिंपल्ससाठी ट्रेटिनोइन (रेटिनॉइड म्हणजे व्हिटॅमिन ए च्या गटातलं क्रीम) सुरू केलं, आणि लवकर फरक पडावा म्हणून रोज रात्री चांगला जाड थर, आठवड्यात नाकाच्या कडेची सालपटं निघायला लागली आणि नुसता घाम आला तरी चुरचुर. हे औषध आत जाऊन काय करतं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून लिहितोय.

तर हे थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन काम करतं. क्रीममध्ये रेटिनॉल (याच गटातला सौम्य प्रकार) असेल तर पेशी त्याचं आधी रेटिनाल आणि मग रेटिनोइक ॲसिड करते, ट्रेटिनोइन म्हणजे ते ॲसिडच, म्हणून जास्त कडक. केंद्रकात आरएआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे हे ॲसिड पकडणारं प्रोटीन (१९८७ मध्ये सापडला), डीएनएवर बसलेला असतो, पण एकटा नाही, आरएक्सआर नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरसोबत जोडीने. एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करून औत हाकतात ना, तसंच, आणि हा आरएक्सआर व्हिटॅमिन डी आणि थायरॉइडच्या रिसेप्टरसोबत पण जुंपला जातो. ॲसिड नसतं तोवर ही जोडी जनुक दाबून ठेवते, ॲसिड आरएआरमध्ये बसलं की त्याचा आकार बदलतो, दाबून धरणारी प्रोटीन्स सुटतात, चालू करणारी येतात आणि जनुक वाचलं जायला लागतं.

आता जनुक वाचणार, प्रोटीन बनणार, नवीन पेशी वर येणार, याला ८ ते १२ आठवडे लागतातच, जाड थर लावून ते लवकर होत नाही, फक्त जळजळ वाढते.

म्हणून डॉक्टरला दाखवून सुरू करा. आठवड्यातून दोनच रात्री, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं, डोळे-ओठ सोडून, वरून मॉइश्चरायझर. सोसलं तर हळूहळू रात्री वाढवा. ट्रेटिनोइन उजेडात खराब होतं म्हणून रात्रीच. जळगाव-भुसावळच्या उन्हात सकाळी सनस्क्रीन पाहिजेच, नुसत्या स्कार्फवर भागत नाही.

आणि प्रेग्नन्सी असेल किंवा प्लॅन करत असाल तर लावूच नका, गर्भाचे अवयव घडताना हेच रिसेप्टर कामाला असतात. पिंपल्ससाठी देतात त्या याच गटातल्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या तर अजिबात नाही, त्या बंद केल्यावरही प्रेग्नन्सीसाठी किमान एक महिना थांबायचं.