पेपर टाकताना: राजीनामा नीट कसा द्यायचा

नोकरी सोडायचं पक्कं झालं की आपण आधी काय करतो, तर राजीनाम्याचा फॉरमॅट शोधतो, नाव-तारीख बदलतो आणि पाठवून मोकळं होतो. पण मेल हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे हो, चार ओळींचं तर काम. खरी कसोटी लागते मेलच्या आधी बॉसशी बोलताना आणि नंतरच्या नोटीस पिरियडमध्ये, आणि लोक आपल्याला लक्षात ठेवतात ते त्यावरूनच.

आधी घाई नको. दुसरीकडे जाणार असाल तर ऑफर लेटर लेखी हातात येऊ द्या, त्यात पगार, पद, जॉइनिंगची तारीख सगळं नीट आहे ना बघा. एचआरने फोनवर "तुमचं फायनल आहे" म्हटलं एवढ्यावर कोणीही पेपर टाकू नयेत, मी हे अगदी कळकळीने सांगतेय, कारण ऑफर मागे घेतल्या जातात आणि मग ना इकडची नोकरी राहते ना तिकडची.

मग आताच्या नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर शोधून काढा आणि पूर्ण वाचा. नोटीस पिरियड 30 दिवस आहे की 60 की 90, आणि ते कॅलेंडरचे दिवस आहेत की कामाचे, कारण पाच दिवसांचा आठवडा असेल तर कामाचे 30 दिवस म्हणजे चांगले सहा आठवडे होतात आणि तुम्ही नव्या ठिकाणी एका महिन्यात येतो म्हणून बसलेले असता. नोटीसमध्ये सुट्टी घेतली तर तेवढे दिवस पुढे ढकलतात का, पैसे भरून लवकर सुटता येतं का, जॉइनिंग बोनस किंवा ट्रेनिंगचा खर्च परत मागू शकतात का, हे सगळं त्यातच असतं. बोलायला जायच्या आधी शेवटचा दिवस कोणता येतो ते स्वतः मोजून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही बातमी तुमच्या मॅनेजरला पहिल्यांदा तुमच्याच तोंडून कळली पाहिजे. माझ्या दुसऱ्या नोकरीत माझी इथेच चूक झाली. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मी सांगितलं, कोणाला बोलू नकोस म्हणून बजावलं पण, आणि तिसऱ्या दिवशी मॅनेजर जिन्यात भेटले, थांबले आणि म्हणाले, "तू चाललीयेस असं ऐकलं, खरं का?" माझ्या हातात फाईल होती, मी नुसती मान हलवली. ते एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं." मी जातेय याचा त्यांना राग नव्हता, दुसऱ्याकडून कळलं हे लागलं होतं, आणि पुढचे दोन महिने ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. ज्यांनी मला काम शिकवलं त्यांच्याशी असं व्हायला नको होतं. म्हणून सांगते, जवळच्यातल्या जवळच्या मित्रालाही आधी नाही.

बोलायची वेळ मागून घ्या, "पंधरा मिनिटं मिळतील का, एक महत्त्वाचं बोलायचं होतं" एवढा मेसेज पुरे. दार बंद होईल अशी जागा बघा, आणि ते मोठ्या मीटिंगला निघालेत किंवा काहीतरी बंद पडलंय आणि सगळी टीम धावतेय अशा वेळी नको. घरून काम असेल तर व्हिडिओ कॉल करा, कॅमेरा चालू ठेवा. आणि मग इकडचं तिकडचं न बोलता पहिल्याच वाक्यात सांगून टाका:

"सर, मी राजीनामा द्यायचं ठरवलंय. दुसरीकडे संधी मिळालीये आणि मी हो म्हटलंय. मेल करायच्या आधी तुम्हाला स्वतः सांगायचं होतं."

आणि इथे थांबा. समोरचा काही क्षण गप्प बसतो, ती शांतता आपल्याला सहन होत नाही आणि आपण ती भरायला लागतो, मग पगार कमी होता, अमुक माणसाचा त्रास होता, प्रमोशन दिलं नाहीत, सगळं बाहेर येतं आणि साधं बोलणं भांडणाकडे जातं. गप्प राहा, त्यांना बोलू द्या.

कारण विचारतीलच. खरं सांगा पण थोडक्यात सांगा. घरच्या अडचणीचं खोटं कारण तर मुळीच देऊ नका, महिन्याभरात लिंक्डइनवर नवी कंपनी दिसते आणि मग तुमच्या बाकीच्या शब्दांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. कुठे जाताय ते सांगायचं नसेल तर "जॉइन झाल्यावर नक्की सांगेन" हे उत्तर पूर्ण सभ्य आहे.

काउंटर ऑफर येऊ शकते, पगार वाढवतो, टीम बदलून देतो वगैरे. याचं उत्तर घरून ठरवून जा. जायचं पक्कं असताना निव्वळ भिडेखातर "दोन दिवस विचार करून सांगते" म्हणू नका, ते बिचारे वरच्यांशी बोलतात, शब्द टाकतात आणि तुम्ही मग नाही म्हणता. त्यापेक्षा तिथेच "तुम्ही हे म्हणालात याचं खरंच बरं वाटलं, पण मी तिकडे शब्द दिलाय" म्हणा. आणि पगार वाढला तर राहायला तयार असाल, तर ते बोलणं राजीनाम्याच्या आधी करायचं असतं, राजीनामा टेबलावर ठेवून नाही.

त्याच दिवशी मेल टाका. असा:

"आदरणीय सर, मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नोटीस पिरियडनुसार माझा शेवटचा दिवस अमुक तारीख असेल. तोपर्यंत माझ्याकडची कामं व्यवस्थित सोपवीन. इथे मिळालेल्या संधीबद्दल आणि तुमच्या मार्गदर्शनाबद्दल मनापासून आभार."

झालं. "राजीनामा देण्याचा विचार आहे" असं मोघम लिहू नका, त्याला कोणी राजीनामा धरत नाही. एचआरला कॉपीत ठेवा, कंपनीचं पोर्टल असेल तर तिथेही भरा, कारण बरेच ठिकाणी दिवस तिथल्या तारखेपासून मोजतात. राजीनामा स्वीकारला आणि शेवटचा दिवस अमुक, असं उत्तर लेखी मागून घ्या आणि दोन्ही मेल स्वतःजवळ जपून ठेवा.

खरोखर त्रास झाला असेल, पगार अडकला असेल, कोणी छळलं असेल, तर सभ्यपणा म्हणजे ते गिळून टाकणं नाही. तक्रार जरूर करा, पण वेगळी, तारखा आणि पुरावे लावून. राजीनाम्यात घातली की तक्रार म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. आणि कंपनीच तुम्हाला "राजीनामा लिहून दे" म्हणत असेल तर तिथल्या तिथे सही करू नका, वेळ मागा आणि जाणकाराचा सल्ला घ्या, काढून टाकणं आणि स्वतः सोडणं यात हक्कांचा मोठा फरक पडतो.

नोटीस पिरियडमध्ये मन उडालेलं असतं, कळतं मला, पण खोट्या आजारपणाच्या रजा टाकून तो काढू नका. केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, आपलं काम पुढच्या माणसाला समजावून सोपवणं, ही नुसत्या फाईलींची यादी नव्हे. "दर महिन्याच्या 5 तारखेचा रिपोर्ट" एवढंच लिहिलं तर नवीन माणसाला काय कळणार? डेटा कोणाकडून येतो, तो 3 तारखेपर्यंत आला नाही तर कोणाला फोन करायचा, बेरीज जुळली नाही की आधी कुठला कॉलम बघायचा, कोणता क्लायंट मेल वाचतच नाही, हे लिहा, ते फक्त तुमच्या डोक्यात असतं. मग पुढचा रिपोर्ट त्याला करू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. तो जिथे अडेल ते लिहायचं राहिलंय असं समजा.

एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये, म्हणजे जाताना एचआर तुमच्याशी बोलते तेव्हा, माणसांवर घसरू नका, कामाच्या पद्धतीबद्दल बोला. नव्या पगाराचा आकडा टीममध्ये सांगत फिरू नका, मागे राहणाऱ्यांना उगाच त्रास होतो.

शेवटच्या आठवड्यात, लॉगिन बंद व्हायच्या आधी, पगाराच्या स्लिपा, टॅक्सचे कागद, अप्रेझलची पत्रं उतरवून घ्या. ऑफिसचा मेल किंवा नंबर कुठल्या खात्याला जोडलेला असेल तर बदला. कंपनीच्या फाईली, क्लायंटच्या याद्या यातलं काही घेऊ नका, तुम्ही स्वतः बनवलेलं असलं तरी ते कंपनीचं आहे. लॅपटॉप, आयकार्ड परत केल्याची लेखी पोच घ्या आणि फायनल सेटलमेंट कधी होणार ते विचारून ठेवा. निरोपाचा मेल छोटा, पण ज्या तिघाचौघांनी खरंच मदत केली त्यांना जागेवर जाऊन भेटा.

रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीने तुम्हाला कामातून मोकळं केल्याचं पत्र, आलं की नावाचं स्पेलिंग आणि तारखा लगेच तपासा, नवी कंपनी व्हेरिफिकेशनला हेच मागते. ठरलेल्या मुदतीत आलं नाही तर न चिडता एचआरला मेल करा, सोबत राजीनाम्याचा मेल, स्वीकारल्याचं उत्तर आणि लॅपटॉपची पोच जोडा. ते कागद जपायला सांगितले ते याचसाठी.