दिवाळी अंकाला कथा पाठवताना ही एक ओळ लिहा

अंकात छापून आलेली कथा पुढे संग्रहात घेताना "हक्क कुणाचे?" असा वाद पुण्यात दर दोन-चार वर्षांनी होतोच. तो टाळायला कथेसोबतच्या मेलमध्ये लिहा: "फक्त यंदाच्या अंकात एकदा छापण्याची परवानगी. ई-आवृत्ती, ऑडिओ, अनुवादाचे हक्क माझ्याकडे." होकाराचा मेल जपून ठेवा.

हक्कच विकायचे असतील तर सहीचा लेखी करार हवा, तोंडी चालत नाही. करारात मुदत नसेल तर ५ वर्षे धरतात, प्रदेश नसेल तर भारत. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. केलीच तर साहित्यकृतीला ५०० रुपये.

मुखपृष्ठवाल्यांनो, सांभाळा: पैसे घेऊन काढलेल्या फोटोचा किंवा चित्राचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो.