ईटॅब्सचं आउटपुट एक्सेलमध्ये आपोआप तपासायची शीट कशी बनवायची

ईटॅब्समध्ये (बिल्डिंगच्या स्ट्रक्चरचं गणित करणारं सॉफ्टवेअर) मॉडेल रन झालं, बेंडिंग मोमेंटचे रंगीत डायग्राम आले, एकही कॉलम लाल दिसत नाही, मग पाठवा ड्राफ्ट्समनकडे, असं बऱ्याच ऑफिसात चालतं. सॉफ्टवेअर शक्यतो गणितात चुकत नाही, पण तुम्ही चौथ्या मजल्यावर भिंतीचा लोड द्यायलाच विसरलात हे त्याला कळत नाही, ते बिनतक्रार सोडवून देतं. म्हणून हातानं चेक करायचे, आणि दर रिव्हिजनला तेच ते हातानं करायला कोणी तयार नसतं म्हणून ते एक्सेलवर टाकायचे. आर्किटेक्ट सातव्यांदा प्लॅन बदलतो तेव्हा शीटची किंमत कळते.

एक गोष्ट आधीच पक्की करा. तुलनेच्या दोन बाजू दोन वेगळ्या ठिकाणांहून आल्या पाहिजेत. मी अशा शीट बघितल्यात की ज्यात डावीकडे ईटॅब्सचं वजन, उजवीकडे ईटॅब्सच्याच दुसऱ्या टेबलातलं वजन आणि खाली मोठ्या हिरव्या अक्षरात ओके. हे तपासणं नाही, आरशात बघणं झालं. एक बाजू ईटॅब्सची, दुसरी आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवरून तुम्ही स्वतः काढलेली, तरच त्याला अर्थ.

वर्कबुकमध्ये चार शीट पुरतात: इनपुट, रॉ, हिशोब आणि निकाल. इनपुटमध्ये फक्त तुम्ही टाइप केलेले आकडे, म्हणजे मजल्यांची उंची, प्लॅनची मापं, स्लॅबची जाडी, भिंतींची लांबी, भूकंपाचा झोन, माती, आर (स्ट्रक्चरच्या प्रकारानुसार भूकंपाचा फोर्स कमी करणारा कोडमधला फॅक्टर). रॉ मध्ये ईटॅब्सची टेबलं जशीच्या तशी, तिथे एकही सेल हातानं बदलायचा नाही, म्हणजे नवीन रन झाला की जुनं पुसून नवीन पेस्ट केलं की काम झालं. डिस्प्ले मेनूत शो टेबल्समध्ये जाऊन बेस रिअॅक्शन्स, जॉइंट रिअॅक्शन्स, स्टोरी ड्रिफ्ट्स आणि मोडल पार्टिसिपेटिंग मास रेशोज एवढी चार एक्सेलला एक्सपोर्ट करा, सुरुवातीला बास. एक्सपोर्ट केलेल्या शीटमध्ये पहिल्या ओळीत टेबलाचं नाव, दुसरीत रकान्यांची नावं आणि तिसरीत युनिट असतात. ही तिसरी ओळ लोक त्रास म्हणून उडवतात, उडवू नका, उलट तिथे किलोन्यूटनच लिहिलंय का हे एका इफ फॉर्म्युल्यानं तपासा, कारण कोणीतरी मधेच युनिट बदलून एक्सपोर्ट करतोच. स्टॅड हे दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे डिस्प्लेसमेंट सेंटिमीटरमध्ये छापून येतं आणि वरची दिशा झेड नसून वाय असते, तेवढं जुळवून घ्या.

आता खरे चेक. पहिला वजनाचा. स्लॅबचं क्षेत्रफळ गुणिले जाडी गुणिले २५ किलोन्यूटन प्रति घनमीटर, वर फिनिश, भिंती, बीम, कॉलम, असं मजलावार बेरीज करून एकूण डेड लोड (कायमचं वजन) काढा आणि शेजारी बेस रिअॅक्शन्समधला डेड केसचा एफझेड (उभ्या दिशेचा फोर्स) सम-इफ्सनं (अटी लावून बेरीज करणारा फॉर्म्युला) ओढा. फरक ५ टक्क्यांच्या आत आला तर मी पुढे जातो. सॉफ्टवेअरचं वजन थोडं जास्त येणं साहजिक आहे, कारण बीम आणि स्लॅब जिथे एकमेकांत असतात तिथलं काँक्रीट मॉडेलमध्ये साधारणपणे दोनदा मोजलं जातं. कमी आलं तर मात्र थांबा, काहीतरी द्यायचं राहिलंय.

दुसरा बेस शिअरचा, म्हणजे भूकंपानं बिल्डिंगच्या तळाशी येणाऱ्या एकूण आडव्या फोर्सचा, आणि यातच सगळ्यात जास्त चुका सापडतात. पुण्यातली जी प्लस ८ बिल्डिंग धरा, उंची २७ मीटर, प्लॅन १८ बाय २५, विटांच्या भिंती, मध्यम माती, एसएमआरएफ (भूकंपासाठी खास डिटेलिंग केलेली फ्रेम) म्हणून आर ५, आय (बिल्डिंगच्या महत्त्वाचा फॅक्टर) १. आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे झोन ३ ला झेड (झोनचा फॅक्टर) ०.१६. पिरियड (बिल्डिंगचा एक झोका पूर्ण व्हायला लागणारा वेळ) म्हणजे ०.०९ गुणिले उंची, भागिले त्या दिशेच्या लांबीचं वर्गमूळ. १८ मीटरच्या दिशेला ०.५७३ सेकंद येतो, मध्यम मातीत ०.५५ च्या पुढे गेल्यामुळे एसए बाय जी (त्या पिरियडला कोडनं दिलेलं त्वरण) १.३६ भागिले ०.५७३ म्हणजे २.३७, आणि एएच (आडव्या फोर्ससाठी वजनाला गुणायचा आकडा) ०.०३८. २५ मीटरच्या दिशेला पिरियड ०.४८६, म्हणजे सरळ २.५ आणि एएच ०.०४. सिस्मिक वेट (भूकंपासाठी धरायचं वजन) ४८,००० किलोन्यूटन असेल तर बेस शिअर एका दिशेला साधारण १,८२४ आणि दुसरीला १,९२०. ईटॅब्सनं दोन्ही दिशांना हुबेहूब एकच आकडा दिला तर समजा की कोणीतरी पिरियड एकाच दिशेचा काढून दोन्हीकडे टाकलाय. सिस्मिक वेटमध्ये लाइव्ह लोड ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटरपर्यंत २५ टक्के, त्यापुढे ५० टक्के, गच्चीचा धरायचा नाही, आणि मास सोर्समध्ये (भूकंपासाठी कोणता लोड किती धरायचा हे ईटॅब्सला सांगायची जागा) हे बरोबर दिलंय का ते याच चेकमध्ये उघडं पडतं. ४८,००० भागिले नऊ स्लॅबचं एकूण क्षेत्रफळ केलं की प्रति चौरस मीटर ११.८५ येतात, हा आकडा पण निकालात दाखवा, नेहमीच्या आरसीसी फ्लॅटच्या बिल्डिंगला ६ किंवा २० आला तर फॉर्म्युला न बघताच कळतं काहीतरी गडबड आहे.

रिस्पॉन्स स्पेक्ट्रम केसला, म्हणजे भूकंपाच्या डायनॅमिक अॅनालिसिसला, एक सापळा आहे. त्यात सगळ्या व्हॅल्यू पॉझिटिव्ह येतात, मोड (बिल्डिंग हलण्याचे वेगवेगळे प्रकार) एकत्र करताना चिन्ह निघून जातं, त्यामुळे जॉइंट रिअॅक्शन्सची बेरीज करून बेस शिअर काढलात तर तो चुकीचाच येणार. स्पेक्ट्रमसाठी बेस रिअॅक्शन्सचं टेबलच घ्या, आणि तो स्टॅटिकपेक्षा कमी असेल तर स्टॅटिक भागिले डायनॅमिक एवढ्या पटीनं वाढवायचा, हा रेशो शीटनंच काढून दाखवला पाहिजे. डेड लोडला मात्र जॉइंट रिअॅक्शन्सची बेरीज आणि बेस रिअॅक्शन तंतोतंत जुळलेच पाहिजेत. एखाद्या एन्व्हलपची (अनेक केसमधली मोठ्यात मोठी आणि लहानात लहान व्हॅल्यू देणारं कॉम्बिनेशन) बेरीज दुप्पट आली तर मॅक्स आणि मिन अशा दोन्ही ओळी सम-इफ्सनं उचलल्यात, स्टेप टाइपची अट पण लावा.

ड्रिफ्ट, म्हणजे एका मजल्याचं खालच्या मजल्याच्या तुलनेत आडवं सरकणं, सोपा. लिमिट मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे ३ मीटरला १२ मिलिमीटर, आणि तो लोड फॅक्टर १ धरून, १.५ च्या कॉम्बिनेशनवर नाही. ईटॅब्स रेशो देतं म्हणून थेट मॅक्स-इफ्स (अटीत बसणारा सगळ्यात मोठा आकडा देणारा फॉर्म्युला) ०.००४ शी लावा. मोडल मासला (सगळे मोड मिळून बिल्डिंगचं किती वजन हलवतात) प्रत्येक दिशेची वेगवेगळी बेरीज ९० टक्क्यांच्या वर हवी, कमी असेल तर मोड वाढवा.

आता एक्सेलची सगळ्यात घातक खोड. रॉ शीट रिकामी असली तर मॅक्स-इफ्स शून्य देतं, शून्य ०.००४ पेक्षा कमी असतं, आणि तुमची शीट डेटा नसताना हिरवं ओके देते! भूकंपाच्या केसचं नाव ईक्यूएक्स ऐवजी ईक्यू-एक्स असं झालं तरी तेच. म्हणून प्रत्येक चेकच्या आत आधी काउंट-इफ्सनं ओळी मोजा, शून्य असतील तर "डेटा नाही" लिहून लाल करा आणि मगच तुलना. कधीकधी आकडे टेक्स्ट म्हणून पेस्ट होतात, सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो, बेरीज त्यांना गुपचूप सोडून देते, त्याला काउंट आणि काउंट-ए ची तुलना लावली की पकडता येतं. ऑफिसात जुनं एक्सेल असेल तर एक्स-लुकअप चालणार नाही, इंडेक्स-मॅच वापरा. मॅक्रो मी टाळतो, मेलवर फाइल गेली की ब्लॉक होतात आणि लिहिणारा नोकरी सोडून गेला की कोणी हात लावत नाही. पेस्ट करायचाही कंटाळा असेल तर पॉवर क्वेरीला एक्सपोर्टचा फोल्डर दाखवा आणि रिफ्रेश दाबा.

शीट झाली की तिची पण परीक्षा घ्या. ६ मीटरचा साधा बीम, २३० बाय ४५०, एम २५, सेल्फ वेट शून्य, २० किलोन्यूटन प्रति मीटर लोड. मोमेंट ९० यायलाच हवा, डिफ्लेक्शन हातानं ७.७३ मिलिमीटर येतं, ईटॅब्स साधारण ०.१ जास्त दाखवेल कारण ते शिअर डिफॉर्मेशन पण धरतं. त्यानंतर मुद्दाम बिघाड करा, चालू मॉडेलची कॉपी घेऊन एका मजल्यावरच्या भिंती काढा, रन करा, एक्सपोर्ट करा आणि बघा शीट लाल होते का. ५ टक्क्यांच्या टॉलरन्समध्ये एका मजल्याच्या भिंती सहज लपतात बरं का, म्हणून वजन मजलावार पण जुळवा, फक्त एकूण नको.

आणि ही शीट काय पकडणार नाही तेही माहीत हवं. २३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेत स्टॅव्हँगरजवळ स्लाइपनर ए या समुद्रातल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ बुडाला, तिथे फायनाइट एलिमेंटची मेश (गणितासाठी स्ट्रक्चरचे पाडलेले तुकडे) जाडीभरडी असल्यामुळे एका ठिकाणचा शिअर जवळपास ४७ टक्के कमी मोजला गेला होता. एकूण लोड आणि रिअॅक्शन जुळवणाऱ्या शीटला हे दिसलं नसतं. ट्रान्सफर गर्डर (वरचे कॉलम पेलणारा मोठा बीम), फ्लोटिंग कॉलम (खाली पायापर्यंत न जाणारा), शिअर वॉलच्या ओपनिंगजवळचा भाग असं जे काही असेल त्याला वेगळी शीट करा, फ्री बॉडी (तो मेंबर सुटा दाखवून त्यावरचे फोर्स मांडलेली आकृती) काढून, त्या मेंबरवर वरून किती येतं आणि टोकाला शिअर किती यायला हवा एवढं तरी. यातलं ऑटोमेशन थोडंच होतं, कारण प्रत्येक गर्डर वेगळा.

निकालाची शीट एका ए-४ पानावर बसवा, वर रिव्हिजन नंबर, मॉडेल फाइलचं नाव, एक्सपोर्टची तारीख आणि कोणत्या आवृत्तीचा कोड धरलाय ते. प्रूफ चेकिंगला (दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासणीला) कॅल्क्युलेशन जातात त्याला हे पान जोडा, समोरचा पहिला प्रश्न बेस शिअरचाच विचारतो. फॉर्म्युलाचे सेल लॉक करा, पण पासवर्ड टाकू नका.