टेकडीवरच्या नोंदी: या चुका टाळा

पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला झाडं-पक्ष्यांच्या नोंदी करायला आलेल्या नव्या स्वयंसेवकाला एकच धास्ती असते: नाव चुकलं तर? ती सोडा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर चुकलेलं नाव जाणकार दुरुस्त करतात. चुकलेली जागा आणि तारीख मात्र तुमच्याशिवाय कोण सांगणार? नोंदी वाया जातात त्या तिथेच.

सगळ्यात मोठा घोळ व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचा. त्यांतली जागा-वेळेची माहिती गळून गेलेली असते. मग कुणी घरी बसून ‘सध्याचं ठिकाण’ दाबतो आणि टेकडीवरचा मोर कोथरूडच्या सोसायटीत मुक्कामाला येतो. मूळ फोटोच चढवा. नकाशावरचं अचूकतेचं वर्तुळही बघा. त्यात अर्धं पुणे मावत असेल तर जागा हाताने नेमकी करा.

नोंद ‘कॅज्युअल’मध्ये, म्हणजे अभ्यासात न धरल्या जाणाऱ्या नोंदींत, पडली? तारीख, जागा किंवा फोटो राहिलाय का बघा. लावलेल्या झाडावर ‘लागवड’ची खूण असली तरी तसंच होतं आणि ते बरोबरच आहे. टेकड्यांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे परदेशी झाड मुद्दाम लावलेलं आहे. पण त्याच्या बियांतून आपोआप उगवलेलं रोप परकं असलं तरी वन्यच धरायचं.

झाडांच्या बाबतीत नुसत्या फुलाच्या फोटोवर भागत नाही. पानांची मांडणी, पानाची मागची बाजू, साल, फळ असं सगळं एकाच नोंदीत घाला. गणेर ऐन फुलात असतो तेव्हा अंगावर पान नसतं; त्या वेळी खोड आणि अख्खं झाड टिपा, पानांसाठी पावसाळ्यात पुन्हा जा. शेजारच्या झाडाचं पान मात्र त्याच नोंदीत नको. हे सर्रास होतं.

पक्ष्यांत शिंजिराची मादी भल्याभल्यांना चकवते. नेमक्या जातीची खात्री नसेल तर नुसतं ‘शिंजीर’ लिहून थांबा. अ‍ॅपने सुचवलेलं पहिलं नाव डोळे झाकून घेऊ नका. पाषाण तलावावर हळदी-कुंकू बदकं मोजताना ‘खूप’ लिहिण्यापेक्षा अंदाजे आकडा बरा.

कंदीलपुष्पासारखी दुर्मीळ वनस्पती दिसली तर नोंदीची जागा ‘धूसर’ करा. मग इतरांना सुमारे 22 किलोमीटरच्या चौकटीपलीकडे काही कळत नाही. एवढं करून ग्रुपवर ‘अमुक वळणापुढे डावीकडे’ असं टाकणारेही असतात. ते जरा आवरा, ही रोपं कंदासाठी उपटली जातात.